केबल मीच ओढली

ही गोष्ट मी घरात आजवर खोटी सांगत आलो.

माझी आत्या, आम्हा सगळ्यांची अक्का, भडगावला राहते. श्रावणात आमच्या खानदेशातली देवी, कानबाई, घरी बसली की गल्लीतल्या बायका तिच्यामागे गायच्या. तिच्या घशात गाठ निघाली. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. मी लॅपटॉप आणि माइक घेऊन गेलो आणि तीन दिवस तिची गाणी रेकॉर्ड केली.

"बठ्ठा गाणा त्या डबीमा शेतस ना रे भाऊ?" निघताना तिने विचारलं. डबी म्हणजे माझी हार्ड डिस्क; सगळी गाणी तिच्यात आहेत ना, एवढंच तिला हवं होतं.

"बठ्ठा शेतस, अक्का."

धुळ्याला न्यायची गाडी दारात हॉर्न देत होती. लॅपटॉपवर जागा हवी म्हणून मी गाणी कॉपी न करता कट करून डिस्कवर टाकली होती. हिरवी पट्टी पूर्ण भरली. डिस्क काढायला गेलो तर संदेश आला, 'डिव्हाइस वापरात आहे'. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी केबल ओढली.

ऑपरेशननंतर आठवड्याने जळगावात डिस्क जोडली. 'फॉरमॅट करायची का?' समोर एवढंच आलं. मी डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

"भाऊ, चालू असतानाच उपटली का?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"नाही हो."

"पट्टी भरली म्हणजे लिहून झालं असं नसतं. मशीन आधी आपल्या मेमरीत धरतं, मग सावकाश डिस्कवर उतरवतं. वेग वाढवायची सेटिंग केली असेल आणि मध्येच उपटली, तर हमखास जातं."

ती सेटिंगही मीच केली होती.

"लॅपटॉपवरून कट केलेलं परत निघेल?"

"त्यावर नंतर काही टाकलं?"

"पुतणीच्या लग्नाचं शूटिंग."

"मग जुन्या वावरात नवी पेरणी झाली, भाऊ."

घरी सांगितलं, डिस्कच खराब निघाली. "चायना माल," सगळे म्हणाले. मी मान डोलावली. अक्काला मात्र कुणी काहीच कळवलं नाही.

यंदा कानबाई बसली. अक्काने बोट गळ्याला लावलं आणि मग माझ्या बॅगेकडे केलं. तेव्हा मी तिला सगळं खरं सांगितलं. मग माझ्या गुडघ्यावर तिने हाताने ठेका धरला, पहिली ओळ नुसत्या ओठांनी म्हटली आणि मला खूण केली. तू म्हण.

पहिली ओळ मी म्हटली. दुसरी आठवेना. तीन दिवस मी तिच्यासमोर बसलो होतो, पण स्क्रीनवरची आवाजाची रेघ लाल होते का, तेवढंच पाहत होतो.

तिचा हात गुडघ्यावर तसाच थांबला होता.