तात्यांनी पास केलेली गाडी

स्वतः कधी मोटारसायकल न चालवता अख्ख्या भावकीच्या मोटारसायकली पास-नापास करणारा माणूस बारामती तालुक्यात एकच, आणि तो नेमका आमच्याच घरात जन्माला आला. माझे थोरले चुलते, तात्या. नोकरीभर एसटीत कंडक्टर होते. ड्रायव्हरच्या मागे उभं राहून रस्ता पाहिला, एवढ्या भांडवलावर ते स्वतःला वाहनांचं सुप्रीम कोर्ट समजतात. भावकीही तसंच समजते, हे त्याहून वाईट.

नवशिक्याची पहिली गाडी कशी असावी, याबद्दल त्यांचे कायदे कडक आहेत. गाडी आधी आडवी पाडायची आणि घेणाऱ्याने एकट्याने उचलायची. "पडणार तर तू हायेसच. उचलाय कोन येनार हाय?" हे ते शोरूमच्या चकचकीत फरशीवर, नव्या गाडीबद्दल बोलतात, तेव्हा सेल्समनचा चेहरा पाहवत नाही. कोऱ्हाळ्याच्या माझ्या आतेभावाला मागची सीट आभाळाकडे गेलेली गाडी हवी होती. तात्यांनी तिथल्या तिथे आत्याला त्या सीटवर चढवलं. आत्या चढली खरी, पण उतरेना, आणि शेवटी स्टूल आणावं लागलं. "जिच्यावरनं आय उतरंना, तिच्यावरनं उसाच्या वाड्याचा भारा कसा उतरंल?" म्हणत तात्यांनी गाडी नापास केली. आतेभाऊ अजून त्यांच्याशी धड बोलत नाही.

मग माझी पाळी आली. इंदापूर तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात मला नोकरी लागली. काम वस्त्या-वस्त्यांवर फिरायचं, तिकडे एसटी जात नाही, म्हणजे गाडी नाही तर नोकरी नाही. चुलतभावाच्या गाडीवर शिकून मी लायसन्सही काढलं होतं. पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हात झटकले. "तात्या पास म्हनले तर घिऊ." सोमवारी हजर व्हायचं होतं आणि तात्या रोज एक गाडी उडवून लावत होते. एकीवर माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. दुसरीवर टेकले, तर "लईच टेकत्यात." तिसरी मी आडवी पाडून एका दमात उचलली, तर म्हणे हिचा आवाज गरीब आहे, म्हशी बाजूला होणार नाहीत. माझं डोकं सटकलं. शोरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "तात्या, तुमाला गाडी पसंत न्हाय का माझं जाणं?"

तात्या हँडल चाचपू लागले. मग हळूच म्हणाले, "तू गेल्यावर घरात माझं ऐकून घेनारं हाय कोन?" मला फार वाईट वाटलं. त्यांनीच मग ती गरीब आवाजाची गाडी पास केली.

आम्ही बौद्ध, त्यामुळे चाकाखाली लिंबू वगैरे नाही. विहारापुढे गाडी लावून सगळ्यांनी भन्तेजींच्या मागे पंचशील म्हटलं. पाचवं शील संपून लोक उठू लागले, तोच तात्यांनी हात वर केला आणि माझ्याकडून "यापासून दूर राहीन" अशा त्याच पाली शब्दांत सहावं वदवून घेतलं, "उसाच्या ट्रॉलीला डावीकडून ओव्हरटेक, वेरमणी सिक्खापदं समादियामि." भन्तेजींना बराच वेळ खोकला आला.

सोमवारी पहाटे तात्या हेल्मेट घालून मागच्या सीटवर हजर. पाठीवर दोन थापा म्हणजे चल, एक म्हणजे थांब, ही एसटीतल्या घंटीची आयुष्यभराची सवय. आमचं गाव कन्हेरी ते इंदापूर एवढ्या वाटेत त्यांनी प्रत्येक वळणावर एकेक थाप मारली. मी एकदाही थांबले नाही. इंदापूरच्या स्टँडवर उतरून त्यांनी धोतर झटकलं, बारामतीच्या गाडीत खिडकी पकडली आणि आतल्या कंडक्टरला मोठ्यांदा सांगितलं, "ती पुतनी हाय माझी. कन्हेरीपासनं मला मागं बसवून आनलं तिनं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या म्या मागं न्हाय. नीट जा."

बस हलली तरी मी हेल्मेट काढलं नाही, काचही वर केली नाही. माझे डोळे त्यांना दिसले असते, तर त्यांनी तिथूनच गाडी नापास केली असती.