खेमराजशेठचे साडेचार गुण

विसरवाडीच्या फाट्यावर उतरून ट्रकांचा धूर चुकवत रस्ता ओलांडला, की टायरवाल्याच्या आणि भजीवाल्याच्या मधे खेमराजशेठचं कापडाचं दुकान लागतं. दुकान म्हणजे तीन पायऱ्या आणि वर भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेली पांढरी गादी. काउंटर नाही, खुर्ची नाही. गिऱ्हाईक गादीवर, शेठही गादीवर, आणि मधे उलगडलेलं कापड.

शेठचे वडील राजस्थानातून आले तेव्हा खांद्यावर कापडाची गठडी होती. पाड्यापाड्यानं फिरून त्यांनी लुगडी विकली, मग ही जागा घेतली, ही गादी घातली, आणि एकोणीस वर्षांच्या खेमराजला वर बसवताना एकच गोष्ट शिकवली. गादीवर बसताना तिला हात लावायचा, उठताना हात लावायचा, आणि तो हात कपाळाला न्यायचा. "ही जेवू घालते," एवढंच ते म्हणाले. त्याला आता बावन्न वर्षं झाली. दिवसातून शंभरदा बसणं, शंभरदा उठणं, हात लावल्याशिवाय एकदाही नाही. हाताला ते इतकं वळण पडलं की घरातल्या सतरंजीलाही तो नमस्कार करायचा. एकदा एसटीच्या सीटला केला, तेव्हा कंडक्टर हसून हसून तिकीट फाडायचं विसरला.

आणि याच हातानं घात केला!

झालं असं, की पर्युषणाच्या आधी जैन स्थानकात समाजाच्या तरुण पोरांनी आरोग्य शिबिर भरवलं. रक्तदाब झाला, साखर झाली. शेवटच्या टेबलाशी शेठची नात, धाकट्या हेमकांतची लेक रिद्धी बसली होती. ती सुरतेला फिजिओथेरपी शिकते, सुट्टीला आली होती. तिच्यापुढे जमिनीवर एक पांढरी चटई अंथरलेली. चाचणी अगदी सोपी: उभ्यानं खाली बसायचं आणि पुन्हा उभं राहायचं. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात जमिनीवर टेकला की एक गेला, मांडीवर टेकला तरी एक गेला, गुडघा टेकला की एक गेला, तोल गेला की अर्धा.

शेठ मनात म्हणाले, यात कसली आली परीक्षा? जन्मभर दुसरं केलंय काय आपण! गेले ऐटीत चटईवर. डावा हात मांडीवर ठेवला, उजवा चटईला लावला, कपाळाला नेला आणि बसले.

"दादाजी, हात नका लावू ना," रिद्धी हळूच म्हणाली.

"हात कुठे लावला? नमस्कार केला."

"नमस्काराला गुण नाहीत, दादाजी."

बाजूच्या टेबलावरची पोरं फिस्सकन हसली. शेठ चिडले, आणि चिडलेला माणूस जसा उठतो तसे उठले. दोन्ही हात चटईला, एक गुडघा खाली, हात कपाळाकडे जाताना जरासा झोकांडा. रिद्धीनं प्रामाणिकपणे बेरीज-वजाबाकी केली आणि गुलाबी कार्डावर आकडा लिहिला. साडेचार.

कार्डाच्या मागं छापलं होतं, की कमी गुण मिळवणाऱ्यांना पुढच्या सहाएक वर्षांत धोका जास्त असतो. परदेशातल्या कुणा डॉक्टरांनी पुष्कळ लोकांना बसवून-उठवून तसं पाहिलं होतं. रिद्धीनं घरी सगळ्यांना समजावलं, की हा अंदाज आहे, शेकडो माणसांचा मिळून काढलेला, एकट्या माणसाला तो लावायचा नसतो. पण ऐकतो कोण? सहा हा आकडा घरात शिरला तो शिरलाच. अरे, माणूस आहे की मोबाइलचा रिचार्ज, व्हॅलिडिटी बघायला?

सून रक्षा, रिद्धीची आई, जिवाची चांगली, पण घाबरट. तिनं दुसऱ्याच दिवशी ताटातलं लोणचं बंद केलं, बाथरूममध्ये दांडा ठोकून घेतला आणि कार्ड फ्रिजवर चुंबकानं लावलं. पाणी प्यायला गेलं की साडेचार, दूध काढायला गेलं की साडेचार. सुरतेच्या थोरल्या मुलाचा फोन आला, बाबूजींना इकडे पाठवा, सातव्या मजल्यावर हवा छान असते. आणि धाकट्या हेमकांतला तर आयतंच कोलीत मिळालं. त्याला कधीपासून गादी काढून काचेचा काउंटर टाकायचा होता. नवापूरच्या दुकानांत पुतळे उभे राहिले, आपण अजून मांडी घालून बसलोय, असं तो येता-जाता म्हणायचा. आजवर बापापुढे धीर होत नव्हता. आता म्हणाला, "बाबूजी, तुमच्याच भल्यासाठी. या उठबशीनं गुडघे जातील. तुम्ही दिवाळीनंतर सुरतेला आराम करा."

"आणि गादी?"

"गादीचं बघू."

बघू म्हणजे काय, ते शेठला पुरतं कळत होतं. गादी निघाली की आपणही निघालो. सुरतेत सातव्या मजल्यावर बसून करणार काय? कबुतरं मोजणार?

गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. टायरवाला ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता ओरडला, "काय शेठ, सहाच वरीस ऱ्हायनात का?" त्याला बिचाऱ्याला वाटलं, थट्टा केली. शेठनं त्या दिवशी त्याचा चहा घेतला नाही.

पण खरा राग वेगळाच होता, आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. एका दुपारी दुकानात कुणी नाही बघून शेठ मागच्या खोलीत गेले, जिथे कापडाच्या गाठी रचलेल्या असतात. दोन्ही हात छातीशी बांधले आणि खाली बसायला गेले. अर्ध्यावर मांड्या थरथरल्या, आणि धप्पकन लुगड्यांच्या गाठीवर आदळले. लागलं काही नाही. पण तिथंच पडल्या पडल्या त्यांनी तो उजवा हात डोळ्यांपुढे धरला. इतकी वर्षं आपण हात लावत होतो, त्यात नमस्कार किती होता आणि आधार किती? कधीपासून हा हात गादीला पुजायचा सोडून तिच्यावर भार टाकायला लागला? आठवेना. बायको लहरीबाई असती तर तिला विचारलं असतं, तिचं सगळ्यावर लक्ष असायचं. ती जाऊनही चार वर्षं झाली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही त्याला राग आला.

त्याच आठवड्यात दिवलीबाई आली. डोंगराकडच्या पाड्यावरची, शेठच्याच वयाची असेल, नसेल. स्वतःच्या लग्नाचं लुगडं तिनं याच गादीवरून नेलेलं, मग लेकींची, आता नातीचं. कडेवर पणतू, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. ती मांडी न घालता उकिडवीच बसली, तासभर बसली, रंग उलटसुलट केले, एक पसंत केलं, आणि पणतू, पिशवी, लुगडं सगळं सावरत सरळ उभी राहिली. कुठं हात नाही, कुठं गुडघा नाही. हात लावायला हात मोकळा होता कुठे!

रिद्धी दारातच होती. ती टाळ्या पिटत म्हणाली, "आजी, दहापैकी दहा! तुम्ही खूप जगणार!"

दिवलीबाईला काही कळेना. "शेठ, तुन्ही पोरगी काय मोजी ऱ्हायनी?"

शेठनं चाचणीचं सगळं रामायण सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "मन्हा घरवाला बी असाच उठे. ऊस तोडाले गया. एक दिन उठनाच नही."

रिद्धीच्या टाळ्या थांबल्या. दिवलीबाई पायऱ्या उतरून गेली, आणि ती पोरगी कितीतरी वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिली. शेठला वाटलं, चला, एकीच्या तरी डोक्यात उजेड पडला.

पण हेमकांतच्या डोक्यात उजेड पाडायला डोंगरावरची बाई पुरणार नव्हती. तेव्हा शेठनं व्यापाऱ्यासारखा व्यवहार केला. जेवणाच्या ताटावर, रक्षा आणि रिद्धीसमक्ष विचारलं, "किती गुण पडले तर गादी राहील?"

हेमकांत हसला. "आठ गुण आणा, बाबूजी. आठ आणलेत तर गादीला हात लावणार नाही. शब्द."

"दिवाळीआधीच्या रविवारी. दुकानात, गादीवरच."

मग सुरू झाली ती तालीम. रोज दुपारी मागच्या खोलीत दार लावून रिद्धी शिकवायची. आधी उंच गाठीवरून उठा, मग बुटक्या गाठीवरून, मग नुसत्या सतरंजीवरून. पाय कसे दुमडायचे, वजन पुढे कसं टाकायचं. मांड्या पेटायच्या. रात्री रक्षा तेल चोळून द्यायची आणि पुटपुटायची, या वयात कशाला हा हट्ट? सुट्टी संपली, रिद्धी सुरतेला गेली, तरी व्हिडिओ कॉलवर मोजणी चालूच. सगळ्यात जड काय गेलं असेल तर मांड्या नाहीत, हात. तो मेला ऐकेचना! खाली बसायला लागलं की आपसूक सतरंजीकडे धावायचा. शेवटी शेठनं तो मुठीत बनियन गच्च धरून आवरायला शिकवला. बावन्न वर्षांची सवय मोडायची म्हणजे चेष्टा आहे का? आणि मोडायची कशासाठी, तर ती जिच्यासाठी लावली तीच गादी राखायला. हा विचार मनात आला की शेठला स्वतःचीच चीड यायची. तरी केलं. पस्तीस दिवस केलं.

रविवार उजाडला. रिद्धी आदल्या संध्याकाळी मुद्दाम आली होती. दुकान उघडलं, झाडलोट झाली, गादीवर धुतलेली चादर पडली. रक्षा कोपऱ्यात नवकार मंत्र म्हणत होती. टायरवाला हात पुसत पायरीशी येऊन उभा राहिला.

शेठ गादीच्या मधोमध उभे राहिले. उजव्या मुठीत शर्ट धरला. पाय दुमडले, सावकाश खाली गेले आणि बसले. हात नाही, गुडघा नाही. मग पुढे झुकले, श्वास घेतला, मांड्या थरथरल्या, रक्षाचा नवकार अडला, आणि म्हातारा उभा!

"दहा!" रिद्धी किंचाळली. "दादाजी, दहापैकी दहा!"

टायरवाल्यानं शिट्टी मारली. शेठ मात्र खाली गादीकडे बघत होते. जन्मात पहिल्यांदा ते तिला न विचारता बसले होते आणि न विचारता उठले होते. आनंद व्हायला हवा होता तिथं काहीतरी चुकचुकत होतं.

तेवढ्यात बाहेर एक पिकअप येऊन थांबली. मागं गोणपाटात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी, कोपऱ्यातून काच चमकत होती. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "हेमकांतभाई कोण? काउंटर आणलाय. कुठं उतरवायचा?"

रक्षानं नवऱ्याकडे पाहिलं. हेमकांतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कधी सांगितला होतास?" शेठनं विचारलं.

"शिबिर झालं त्याच आठवड्यात," हेमकांत म्हणाला. "बाबूजी, मला काय माहीत तुम्ही खरंच... आणि आता तर उलट बरंच झालं ना! तुम्ही एवढे फिट आहात. सुरतेला काही काळजीच नाही. लिफ्ट बंद पडली तरी सात मजले चढाल!"

घ्या! साडेचार पडले तेव्हा म्हातारा मरायला टेकला म्हणून सुरत, आणि दहा पडले तेव्हा म्हातारा धडधाकट म्हणून सुरत. मग पस्तीस दिवस हा जीव कशासाठी मांड्या जाळत होता? शेठच्या तोंडाशी शिव्या आल्या, मारवाडीतल्या, अहिराणीतल्या, रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांकडून शिकलेल्याही. एकही बाहेर पडली नाही.

त्यांनी शर्ट धरलेली मूठ सोडली. उजवा हात गादीला लावला, चांगला पूर्ण पंजा टेकवून लावला, सगळा भार टाकून लावला, आणि कपाळाला नेला. डावा हात मांडीवर. मग आपल्या जागेवर, तक्क्याला पाठ लावून, ऐसपैस बसले.

"रिद्धी," ते म्हणाले, "उठायचे पाच गुण असतात ना?"

"हो, दादाजी."

"मग न उठायचे किती?"

रिद्धीनं मोबाइलवरचं शूटिंग बंद केलं. बापाकडे एकदा बघितलं. चपला काढून पायरी चढली, वाकून गादीला हात लावला, कपाळाला नेला आणि आजोबांच्या शेजारी मांडी घालून बसली.

"घ्या, माझाही एक गेला," ती म्हणाली.

बाहेर पिकअपवाला हॉर्न वाजवत होता. शेठनं फळीवरून लुगड्यांचा एक गठ्ठा ओढला आणि घड्या नीट करायला घेतल्या. "वाजवू दे," ते म्हणाले. "आपल्याला कुठं जायचंय?"