उशाशी ठेवलेलं पाणी

आशालताला सहसा कशाची किळस यायची नाही. वाडीतली मुलगी ती. वसईच्या पश्चिमेला, केळी आणि पानवेलींच्या मधोमध तिच्या वडिलांचं, हरिश्चंद्र अप्पांचं घर. घरामागे बावखल, म्हणजे वाडी शिंपायला आज्या-पणज्यांनी खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. लहानपणी ती शेणखतात हात घालायची, उन्हाळ्यात बावखलातला गाळ काढताना गुडघाभर चिखलात उभी राहायची. पुढे बी.कॉम. झाली, हर्षवर्धनशी लग्न होऊन एव्हरशाईन सिटी ह्या वसाहतीत सातव्या मजल्यावर राहायला आली, तरी न्हाणीघराची जाळी तुंबली की हात तीच घालायची. नवरा नाक दाबून दारात उभा.

तिला सोसवत नव्हती ती एकच गोष्ट, घरातली भांडणं. मोठं कारण लागायचंच नाही. गादीवर टाकलेला ओला टॉवेल, टीव्हीचा आवाज, भाजीत कमी पडलेलं मीठ. एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं माहेर-सासर काढायचं. अकरा वर्षांची ओवी तेव्हा कानांवर हेडफोन चढवून अभ्यासाला बसायची. एकदा आशालतानं सहज तिच्या फोनकडे पाहिलं, तर गाणं लागलेलंच नव्हतं. त्याच आठवड्यात तिनं पिंकीला घरी बोलावलं.

पिंकी चौथ्या मजल्यावरची. फेंगशुईचा ऑनलाइन कोर्स करून तिनं दाराला पाटी लावली होती. हातात होकायंत्र धरून ती चारही खोल्यांतून फिरली.

"भाभी, तुमचा आग्नेय कोपरा एकदम डेड आहे. इथे पाणी पाहिजे. पाणी आणि हिरवं. मग बघा मिस्टर कसे थंड होतात."

"मिस्टर कोपऱ्यात बसत नाहीत गं, सोफ्यावर बसतात," आशालता म्हणाली.

पिंकी हसली नाही. दुसऱ्या दिवशी पाच काचेचे वाडगे आले. प्रत्येकात रंगीत गोटे, पाणी आणि लाल रिबिनीनं बांधलेल्या बांबूच्या कांड्या. दाराशी तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक बसला. पाचवा वाडगा ओवीच्या उशाशी, अभ्यासाच्या टेबलावर.

"एक लक्षात ठेवा हां. हे पाणी ओतून द्यायचं नाही. घरातली शांतता ह्यातच मुरते. आटेल तेवढं वरून घालायचं, बस."

दुसरी कुणी असती तर इथे अडखळली असती. आशालता अडखळली नाही. तिचं सगळं बालपण साचलेल्या पाण्याकाठी गेलं होतं. बावखलाचं पाणी कुणी कधी ओतून दिलं होतं? त्याच पाण्यावर पानवेली वाढल्या, त्याच पाण्यानं धुतलेल्या कपड्यांत ती शाळेत गेली. साचलेलं पाणी म्हणजे वाईट, हे तिच्या मनाला शिवलंच नाही.

आणि घर खरंच शांत झालं. हर्षवर्धन आला की चपला नीट लावू लागला. आशालता टॉवेल दिसला की गुपचूप उचलून वाळत घालू लागली. दोघं एकमेकांशी इतकं जपून बोलत की पाहुण्यांच्या घरी राहायला आल्यासारखं वाटावं. तिनं आईला फोनवर सांगितलंसुद्धा, "गुण आला हो." मधल्या काळात गोट्यांवर बुळबुळीत थर चढला. कांड्या बुडापाशी पिवळ्या पडल्या. टेबलाखाली ओवीच्या पायांवर गांध्या उठायच्या, ती एका पायानं दुसरा खाजवत गणितं सोडवायची. आशालतानं तिला खोबरेल तेल लावून दिलं.

सहाव्या आठवड्यात ओवीला ताप भरला. डोळे उघडवेनात, अंगाला हात लावला तरी कळवळायची. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डेंग्यू सांगून दवाखान्यात ठेवून घेतलं. प्लेटलेट्स अडतीस हजार. दुसऱ्या सकाळी बत्तीस.

"अजून उतरल्या तर मोठ्या हॉस्पिटलला हलवू," डॉक्टर म्हणाले.

पिंकीचा फोन आला. "घाबरू नका भाभी. कुणाची तरी नजर असणार, ती पाण्यानं ओढून घेतलीय. आता तर वाडगे हलवूच नका."

आशालतानं, बुडत्या माणसासारखं, तेही ऐकलं.

कपडे न्यायला ती घरी आली तेव्हा दारात प्रिस्का उभी होती. महापालिकेची आरोग्यसेविका, पन्नाशीची, खांद्याला पिशवी. डेंग्यूचा पेशंट सापडला की आसपासची घरं तपासणं हे तिचं काम. कुंड्या, फ्रिजमागचा ट्रे पाहून झाल्यावर ती ओवीच्या खोलीत गेली आणि थांबली.

"एक पांढरी ताटली दे गो."

तिनं कांड्या उपसून बाजूला ठेवल्या आणि वाडग्यातलं पाणी ताटलीत ओतलं. कुजलेल्या फुलदाणीचा वास सुटला. ताटलीत आधी नुसता गढूळपणा दिसला, मग तो गढूळपणा हलू लागला. केसाएवढ्या काळ्या अळ्या, वळवळत, गाठी मारत, पुन्हा सुटत. दहा नाही, वीस नाही. ताटलीचा तळ दिसेना.

"पोरगी कुठं झोपते?"

आशालतानं उशीकडे बोट दाखवलं. उशी वाडग्यापासून हातभर अंतरावर होती.

"तू वाडीतली ना? बोलण्यावरून कळतं."

"आमच्या बावखलात पण पाणी साचलेलंच असतं," आशालता पुटपुटली.

"त्यात गप्पी मासे असतात, बाय. बदकं असतात, खाली झरे असतात. तुझ्या वाडग्यात कोण होतं अळ्या खायला?"

आशालता मोरीकडे धावली. पोटात काही नव्हतं, तरी उलटी थांबेना. अळ्यांची किळस एका उलटीत संपली असती. आपण रोज सकाळी अंघोळ करून, हात जोडून, तांब्यानं त्या घाणीत भर घालत होतो, ह्याची किळस संपत नव्हती. गुण आला म्हणून आईला सांगितलेल्या त्या शब्दाची सुद्धा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तिनं हर्षवर्धनला सगळं सांगितलं.

"मला वास येत होता," तो म्हणाला.

"काय?"

"महिनाभर. ओवीच्या खोलीत डासही बघितले मी दिवसाढवळ्या. म्हटलं, बोललो तर तू म्हणणार ह्यांना माझं काही बघवत नाही. घर जरा निवांत झालं होतं, आशा."

"निवांत?" तिचा आवाज एवढा चढला की बाकावरच्या दोन बायांनी वळून पाहिलं. "पोरीला डास फोडून खात होते आणि तुम्ही निवांत बसलात?"

"आणि ते आणून ठेवलं कुणी? त्या बाईला घरात घेतलं कुणी?"

"मी घेतलं! मी! पण तोंड होतं ना तुम्हाला? मीठ कमी पडलं तर फुटतं ना ते?"

नर्स धावत आली. "ओ, हळू! पेशंट आहेत इथे."

दोघं गप्प झाली नाहीत. बोलत बोलतच आत शिरली, कारण रिपोर्ट आला होता. एकेचाळीस हजार. हर्षवर्धननं तो आकडा तीनदा वाचला. आशालतानं त्याच्या हातून कागद ओढून घेतला.

ओवी जागी होती. ओठ सोललेले, हातात सुई, पुढ्यात दवाखान्याची अर्धवट खाल्लेली खिचडी. हेडफोन उशाशी तसेच पडलेले.

"भांडताय?" तिनं विचारलं.

"हो," आशालता म्हणाली. तिनं ओवीच्या पायावरून हात फिरवला. गांध्या अजून बोटांना लागत होत्या. "तुला काही खुपत असलं, घाण वाटत असलं तर तू पण बोल. लगेच बोल. आमचा विचार करायचा नाही."

ओवीनं आईकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"ही खिचडी घाण आहे," ती म्हणाली. "कालपासून घाण आहे."