सुहासराव गुर्जर आणि उन्हातला रेनकोट

सुहासराव गुर्जर यांची आणि माझी पहिली ओळख झाली, तेव्हा मी चिखलात उताणा पडलो होतो आणि ते माझ्या अंगावर होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इंग्लंडात लीड्सला शिकायला आलेला मी, कुतूहलापोटी अमेरिकन फुटबॉलच्या सरावाला गेलो. लांबट चेंडू छातीशी धरून पळायचे, एवढेच मला कळले होते. पळणाऱ्याला आडवे करायलाही कुणी असते, हे कळले ते "आई गं!" म्हणून ओरडल्यावर. वरच्या हेल्मेटमधून आवाज आला, "ओह, सॉरी! लागला का तुम्हाला? मी थोडा हार्ड आला."

लीड्समध्येच जन्मलेल्या सुहासरावांची मराठी आजही अशीच आहे. त्या दिवशी त्यांनी मला हात देऊन उठवले आणि पुढे खेळ शिकवला. "बॉल बघू नको, डोळे पण नको. कंबर बघ. कंबर जातो तिकडेच माणूस जाणार." बचावात त्यांच्या तोडीचा खेळाडू मी या देशात पाहिला नाही. नव्वदच्या दशकात लंडनच्या एका व्यावसायिक संघाने त्यांना घेतले. समोर सुहासराव दिसले की अमेरिकेहून आलेले धिप्पाड गडीसुद्धा बाजू बदलून पळत.

इथल्या आपल्या मराठी मंडळात मात्र याचा कुणाला पत्ता नव्हता. त्यांचे वडील डॉ. गुर्जर हाडांचे सर्जन. बाप हाडे जोडतो आणि लेक मोडतो, असे लोक म्हणतील याची त्यांना धास्ती. कॉव्हेंट्रीच्या गणपतीत ते सांगत, "सुहास फिजिओ आहे." ते खोटे नव्हते, सीझन संपला की सुहासराव हॉस्पिटलमध्ये ते काम करत. एकदा कुणी प्लास्टरमधल्या बोटांबद्दल विचारले, तेव्हा डॉक्टर चटकन म्हणाले, "जिन्यावरून पडला." मैदानावर कुणापुढे न हटणारे सुहासराव मान खाली घालून म्हणाले, "हो, जिना ओला होता." शेजारी मोदक खात असलेल्या मलाच मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढे लंडनमध्ये हॅरोला राहायला आल्यावर मी त्यांचे सामने बघायला जाऊ लागलो. एकदा त्यांनी पाडलेला गडी हललाच नाही. सुहासराव गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी त्याचे डोके स्थिर धरले आणि स्ट्रेचर येईपर्यंत कुणाला त्याला हात लावू दिला नाही. माझ्या मागून कुणी मराठीत पुटपुटले, "बरोबर. मान हलू देऊ नकोस."

वळून पाहिले, तर लख्ख उन्हात रेनकोट घालून, कॉलर वर करून डॉक्टर बसले होते.

"मी आलो होतो हे त्याला सांगू नका," ते म्हणाले. "आणि मंडळात तर मुळीच नको." तो गडी सुदैवाने पुन्हा खेळू लागला.

सुहासरावांच्या या साठीच्या सोहळ्याची मंडळाने काढलेली पत्रिका छापून आली, तिच्यावर फक्त 'ज्येष्ठ फिजिओथेरपिस्ट' असे आहे. आमच्या शिकल्यासवरल्या समितीत कुणालाच त्यात काही खटकले नाही, याची मला मनापासून लाज वाटते. पत्रिका घेऊन मी आता नव्वदी ओलांडलेल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती वाचली आणि घडी घालून मला परत दिली.

"हे माझंच पाप," ते म्हणाले. "तेव्हा मला त्याची लाज वाटायची. आता माझी वाटते. काय खरं ते लिहा. मी मॅचला यायचो, तेही लिहा."

मी ते सुहासरावांना सांगितले, तर ते हसले. "मला माहीत होता. बाबा सगळ्या होम मॅचला यायचे. एवढ्या उन्हात रेनकोट, दुसरा कोण असणार?"

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"बोललो असतो, तर यायचे बंद झाले असते."

सोहळ्यात शाल डॉक्टरच घालणार आहेत. सुहासराव, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, ते दुखरे गुडघे शंभरीपर्यंत साथ देवोत. आणि त्या दिवशी पहिल्या रांगेत, रेनकोटाशिवाय बसलेल्या तुमच्या वडिलांना, आम्हा सगळ्यांदेखत एकदा ओळख दाखवा.