निर्धूर चुलीवरची भाकरी

मी धूर मोजते. तोच माझा धंदा. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये आमची प्रयोगशाळा आहे आणि तिथं लाकडावरच्या चुली तपासायला येतात. माहेरची माणसं अजून विचारतात, "पाणी उकळायचा पगार घेतीस व्हय गं?" घेते की. त्यात लाजायचं काय?

काम तसं सोपं. पातेल्यात मोजून पाणी, चुलीत मोजून जळण. पाणी उकळलं की उरलेल्या जळणाचं आणि कोळशाचं वजन करायचं, म्हणजे किती आच पाण्याला लागली आणि किती वाया गेली ते कळतं. धूर वरच्या धुराड्यातून ओढून एका पांढऱ्या गोल कागदावर गाळायचा. कागद जेवढा काळा, तेवढी चूल वाईट.

त्या पावसाळ्यात एक नवी चूल आली. पत्र्याची, चकचकीत, जळण घालायचं तोंड एवढंसं. तोंड लहान म्हणजे हवा बेताची आणि जाळ नेमका. ओव्हनमध्ये वाळवलेली बाभळीच्या बारीक ढलप्या आम्ही तिच्यात घातल्या. पाणी भराभर उकळलं आणि कागद जवळजवळ पांढराच राहिला. मीसुद्धा खूश झाले, खोटं कशाला बोलू. ही चूल गगनबावड्याकडच्या वाड्यांवर फुकट वाटायची होती. अट एकच: जुनी चूल माणसांसमोर मोडायची, फोटो काढायचा, मगच नवी हातात.

त्यातल्याच एका वाडीत माझं सासर. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. आत्तींच्या खोकल्यानंच ते घर सकाळी जागं होतं. जन्मभराचा धूर छातीत बसलाय त्यांच्या. त्यामुळं ही चूल त्यांना मिळावी असं मला मनापासून वाटत होतं. मोडामोडीच्या आधी एकदा बघावं म्हणून एक नमुना मांडीवर घेऊन मी एसटीनं सासरी गेले.

पाणी झ्याक तापलं. भातही झाला. आत्ती म्हणाल्या, "बरी हाय की." मग त्यांनी नाचण्याची भाकरी थापून तव्यावर टाकली आणि तिथं गाडं अडलं. आमच्याकडं भाकरी तव्यावर निम्मीच होते. मग ती उचलून चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी करायची. तिथं ती फुगते. नाहीतर कच्ची राहते आणि पोटात गोळा धरते. भाकरी हातात धरून आत्ती त्या चुलीच्या एवढ्याशा तोंडाकडं बघत राहिल्या.

"हिला तोंडच न्हाय. भाकरी उभी कुठं करू?"

शेवटी त्यांनी जागा करायला पेटती लाकडं निम्मी बाहेर ओढली. पावसात भिजलेलं जळण ते, बाहेर येताच असं धुमसलं की घर भरलं. आत्तींना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. पाठ चोळता चोळता मला माझाच राग आला. रोज दोन्ही हातांनी भाकरी थापणारी बाई मी, आणि शेडमध्ये गेल्यावर ते मला एकदाही सुचलं नाही.

सोमवारी मी काटवट, पीठ आणि तवा घेऊनच शेडमध्ये गेले. ओलं जळण आणलं आणि धुराड्याखाली बसून भाकऱ्या केल्या. प्रयोगशाळेतली पोरं हसली. कागद बाहेर काढला तेव्हा तो तव्याच्या बुडासारखा काळा होता आणि हसणं बंद झालं.

आमचे साहेब आले. म्हणाले, "मॅडम, भाकरी टेस्टमध्ये बसत नाही. पद्धत पाण्याची आहे."

"साहेब, तुमच्या घरात कोण नुसतं गरम पाणी जेवतं?"

"तुम्ही चूल पास म्हणून रिपोर्टवर सही करणार आहात का?"

"हा काळा कागद रिपोर्टला जोडा, लगेच करते."

जोडला नाही. ते काम माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं आणि त्यानं सही केली. घरी येऊन मी रडले. भीतीनं नाही, संतापानं.

चुली मोडायला माणसं वाडीत येणार, त्या दिवशी मी रजा टाकून आत्तींच्या चुलीपाशी जाऊन बसले. दोघं पहार घेऊन आत आले. मी तोंड उघडायच्या आतच आत्ती म्हणाल्या, "मोडा की पावणं. पर आदी ह्या नव्या चुलीवर एक भाकरी भाजून दावा."

त्यातला एक खरंच बसला. आत्तींनी थापलेली भाकरी त्यानं तव्यावर उलटली, मग इकडं धर, तिकडं धर, आणि शेवटी लाकडं बाहेर ओढली. डोळे पुसत दोघं अंगणात पळाले. पहार आतच विसरली होती. ती मी नेऊन दिली.

आत्तींची चूल राहिली. बाकीच्या घरांतल्या मोडल्या, फोटोही निघाले. आठवडा सरायच्या आत बायकांनी पुन्हा मातीच्या चुली घातल्या. माती काय कुणाच्या बापाची नाही. पत्र्याच्या चुली आता परसात आहेत, अंघोळीचं पाणी तापवायला. त्यात त्या पास झाल्याच होत्या.

पण आत्तींचा खोकला तसाच आहे. 'चुलीवरची भाकरी' अशी पाटी लावून चार जास्तीचे पैसे घेणाऱ्या हॉटेलवाल्यांचं कौतुक मला कुणी सांगू नये. आत्तींची ती मातीची चूल मला प्यारी नाही. खरी चांगली चूल मिळाली की ती मोडायला मीच पहार घेऊन जाणार आहे. हल्ली नवी चूल शेडमध्ये आली की पाणी ठेवायच्या आधी मी पीठ मळते आणि साहेब खिडकीबाहेर बघत बसतात. भाकरी फुगली तर माझी सही. अजून एकीवरही फुगलेली नाही, आणि आत्ती फोनवर खोकत खोकत विचारतात, "आली का गं एकादी?"