तुटक रेषेतली बेकरी

इमारतींचे नकाशे काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने साठीच्या उंबरठ्यावर लेखणी हाती घ्यावी, हे धारिष्ट्यच. वाचकांनी क्षमा करावी. नकाशांबद्दल मात्र मी निःसंकोच बोलू शकतो, आणि ही हकीकत एका नकाशाचीच आहे.

दुबईतल्या आमच्या कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर एक पोलिश आर्किटेक्ट बाई बसतात. त्यांच्या लहानशा गावात बाजारचौकाभोवतीची बहुतेक घरे ज्यूंची होती. महायुद्धात एका सकाळी त्या सर्वांना नेले. परत कोणी आले नाही, आणि त्यांची घरेही पुढे पाडली गेली. तो चौक पाहिलेल्यांपैकी बाईंच्या नव्वदी ओलांडलेल्या आई तेवढ्या उरल्या आहेत. त्यांच्या आठवणींवरून चौकाचा नकाशा करून गावच्या वाचनालयात लावायचा होता, आणि तोही त्यांच्या डोळ्यांदेखत. ते काम मी आपणहून मागून घेतले. मी अलिबागकडचा, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ज्यू तेली आमच्याही गावात होते. त्यांची कुटुंबे पुढे आपखुशीने इस्रायलला गेली.

शारजातल्या घरी बसून तीन आठवड्यांत नकाशा पूर्ण केला आणि व्हिडिओ कॉलवर आजींना दाखवला. त्यांनी पडद्यावर बोट टेकवून काही विचारले.

बाई म्हणाल्या, "आई विचारते, बेकरीच्या भिंतींना एवढी भोकं कुणी पाडली?"

"पाडलेली इमारत तुटक रेषेने दाखवायची, असा नियम आहे," मी म्हणालो.

"मी नाही सांगणार तिला. तुम्हीच सांगा, यल्ला, चला लवकर!"

सांगितले. बाई भाषांतर करता करता हसू लागल्या. "म्हणते, शुक्रवारी मी तिथून वेणीसारखा गुंफलेला पाव आणायचे. उंबऱ्याला ठेचकाळून माझा दात पडला. ठिपक्यांना ठेच लागते का, विचार त्या साहेबांना!"

मी नकाशाकडे पुन्हा पाहिले. चर्च आणि शाळा ठसठशीत. प्रार्थनागृह, स्नानगृह, बेकरी, सारे ज्यू शेजारी तुटक. नियमाप्रमाणे त्यात एकही चूक नव्हती. चौक रिकामा करणाऱ्यांना तो नक्कीच पसंत पडला असता.

दुसऱ्या दिवशी सर्व घरे अखंड रेषेने काढली, बेकरीला उंबरा दिला. आजी म्हणाल्या, "आता आत जाता येईल." नकाशा आज वाचनालयात आहे. नकाशे काढताना जाणूनबुजून मोडलेला हा माझा एकमेव नियम, आणि त्याचा मला जराही खेद नाही.

आता मी माझ्या गावाचा नकाशा काढायला घेतला आहे. तेल्यांचा घाणा नेमका कुठे होता, ते मला आठवत नाही. तुमच्या गावातून गेलेल्या शेजाऱ्यांचे घर कुठे होते, हे तुम्हाला सांगता येईल का?