शेजारच्या मागावरचा

मे महिन्यात सोलापुरात सावलीसुद्धा सावली शोधत फिरते. अशा उन्हात कॉलेजची सुट्टी सत्कारणी लावायला मी चादरीच्या कारखान्यात शिरलो. शेजारच्या मागावर तो म्हातारा विणकर होता. मुंगीच्या पायालाही गाठ मारतील अशी त्याची बोटं, आणि खोकला असा की चार माग दचकून थांबावेत. त्यानं मला नावानं कधी हाक मारली नाही.

"ए कॉलेज, धागा तुटला की रं!"

जूनपर्यंत माझा हात बसला. मालक म्हणाला, "कॉलेज सोड, कायमचा राहा." मला आभाळ ठेंगणं झालं. मी लगेच हो म्हणालो.

मालकाची पाठ वळताच तो उठला, माझ्या मागावरची अर्धी चादर कात्रीनं आडवी कापली आणि वर बोंब ठोकली, "मालक, ह्या कॉलेजनं चादर कापली!"

मालकानं मला तिथल्या तिथं हाकललं. जाता जाता मी म्हाताऱ्याचं बनियन धरलं. तो हलला नाही.

"मीबी सुट्टीपुरताच आलतो, कॉलेज."

मी दाराबाहेर पडलो. आतून त्याचा खोकला ऐकू आला. एकही माग थांबला नाही.